पुकारा

एकवीस वर्षं माझा आवाज सरकारी आहे.
शिवाजीनगर कोर्टात दुसऱ्या मजल्यावरून हाक दिली
की खाली झेरॉक्सच्या रांगेतला माणूस
कागद तिथंच टाकून जिना चढायचा.
वकील म्हणायचे, खुडे, तुम्हाला माइक कशाला!
मला बरं वाटायचं.
नाव, बापाचं नाव, गाव,
धुणं आपटावं तसं मी दगडी भिंतींवर आपटायचो.
तीनदा.

त्या मंगळवारी चिठ्ठीवर होतं ते वाचलं.
पहिल्या हाकेला बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली.
दुसऱ्या हाकेला जिन्यापाशी टेकलेली पोरं,
आरोपीच्या आळीतली,
एकमेकांना कोपरानं ढोसून हसली.
तिसरी हाक
मी तरीही दिली.

साक्ष अर्धी झाली. तारीख पडली.
पुढच्या तारखेला माझ्या हाकेवर
नुसता पंखा फिरला.
त्याच्या पुढच्यालाही.
रोजनाम्यात चढलं, साक्षीदार गैरहजर.
आता ते कागदावर आहे म्हणजे खरंच आहे.

मग वळवडे मॅडम बदलून आल्या.
चेंबरमध्ये बोलावून म्हणाल्या,
या प्रकरणात पुकारा नाही, खुडे.
नंबरसुद्धा नाही.
मग मी काय करू?
चालत जा, म्हणाल्या.

एवढंच. चालत जा.
पार्किंगकडून मागच्या दारानं,
आधी वळणावर डोकावून,
कुणी मोबाइल घेऊन उभं नाही ना बघून.
खोलीत एक सोफा, पाण्याचा जग,
भिंतीवर कुणीतरी रंगवलेला हत्ती, त्याला शेपूट नाही.
ती हडपसरहून दोन बस बदलून आलेली,
शेजारी संस्थेच्या फरजानाबाई.
मी दारातूनच म्हटलं, चला ताई.
इतकं हळू की मलाच
दुसरं कुणी बोलल्यासारखं वाटलं.

ती बसल्यावर त्याला आणायचं.
ती बाहेर पडून गेटपार झाली
की मग त्याला सोडायचं.
मधे हिरवा पडदा, सरकारी, चाकांचा.
एक चाक कुरकुरायचं,
त्याला मी घरून आणून खोबरेल घातलं.
पडद्याखाली चार बोटं फट राहते.
तिथून तिची चप्पल दिसत होती,
अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली.
तो तिकडेच बघत होता.
मी जुन्या दाव्यांचा एक गठ्ठा उचलून
फटीला लावला.
कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याचे वकील उठले.
म्हणाले, वस्ती चिकटून आहे,
भिंतीला भिंत आहे,
तुम्ही ओरडला का नाहीत?

टायपिस्ट तिकोनेबाईंची बोटं थांबली.
मी दाराला पाठ लावून उभा,
ओरडायचा पगार घेणारा माणूस.
मला माहीत आहे ओरडायला काय लागतं.
अंगात युनिफॉर्म लागतो.
पाठीशी साहेब बसलेला लागतो.
आपण ओरडलो तर आपल्यालाच
कुणी काही विचारणार नाही, ही खात्री लागते.
हे मी साक्षीत सांगू शकत नव्हतो.
मला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, प्रश्न वगळा.
वकील म्हणाले, पण मॅडम.
मॅडम म्हणाल्या, वगळा.
आणि दहा मिनिटं कामकाज थांबवलं,
कारण पडद्यामागून
पाण्याच्या ग्लासावर दात वाजल्याचा
आवाज येत होता.

दहा मिनिटांनी ती बोलली.
काय बोलली ते त्या खोलीतच राहील.

निकाल बाकी आहे.
घरी बायको म्हणते, हल्ली तुम्ही
कुजबुजल्यासारखं का बोलता,
घसा दाखवून घ्या.

चिठ्ठी मी चार घड्या करून
पाकिटात परत देतो, पाकिटाला लाख.
नाव मला पाठ आहे.
गळ्यात चांगलं बसणारं नाव आहे,
झेरॉक्सपर्यंत सहज पोचलं असतं.

आधीचीचं मात्र
अजून जिन्यात आहे.
संध्याकाळी दिवे घालवताना
मला ते तीनदा ऐकू येतं,
माझ्याच आवाजात.